सातव्या ओळीतला अंगठा

धम्मदिना : इथे शाई पसरलीय, आजोबा. ती पण उतरवायची का?

बाळाराम : शाई उतरवत नाहीत. कंसात 'डाग' लिही आणि पुढे चल.

धम्मदिना : आणि इथे वयाच्या रकान्यात आकडाच नाहीये. 'सहा. लडकू पांगू. वय पुष्कळ.' हे असंच लिहू?

बाळाराम : असंच.

धम्मदिना : पण पुष्कळ हे काय वय आहे?

बाळाराम : माझ्या आजोबांना त्यांचं वय विचारलं, ते म्हणाले पुष्कळ. मी तेच लिहिलं. आज तू तिथे सत्तर लिहिलंस, तर ते सत्तर कुठून आले म्हणून मी विचारीन. अस्सलात जे आहे तेच नकलेत. तहसील कचेरीच्या नक्कल विभागात एकतीस वर्षं मी हेच केलं. अस्सलात चूक असली तर चूकही उतरवायची. आपलं म्हणणं शेऱ्याच्या रकान्यात.

धम्मदिना : आणि शेरा एका माणसाच्या सांगण्यावरून लिहायचा नाही.

बाळाराम : दोन तोंडं लागतात.

धम्मदिना : आणि एकाच चुलीवर जेवणारी दोन तोंडं म्हणजे एकच तोंड. सुमितला तुम्ही तसंच बोललात ना? त्याने त्याच्या घरच्या पानावर पणजोबांच्या शेऱ्यात 'बहुधा गिरणीत होते' लिहिलं, तर तुम्ही पान परत दिलं. तो बाहेर जाऊन बोलला, तुझे आजोबा विहारात नाही, कोर्टात पाहिजेत.

बकुळा : बरोबर बोलला पोरगा. मी पन्नास वर्सं ऱ्हाते त्या कोर्टात.

बाळाराम : तू वाल सोल.

बकुळा : सोलतेच हाय. बिरडं तुमालाच लागतं, कोर्टाला न्हाय.

धम्मदिना : आजोबा, पण एक सांगा. ही कामं मोठ्यांची ना? जुनी वही फाटत आली म्हणून नवी करायची, ते ठीक. पण विहाराच्या कमिटीने प्रत्येक घरचं पान त्या घरच्या मुलांनीच उतरवायचं, असं का ठरवलं? बाबांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

बाळाराम : तो ठराव मीच मांडला. जुनी वहीसुद्धा मुलानेच लिहिली होती.

धम्मदिना : म्हणजे तुम्ही.

बाळाराम : गावात आपल्या वाड्यात लिहिता येणारा मी एकटा. चौथीत होतो. सत्तावन्न साली मे महिन्यात मुंबईहून कार्यकर्ते आले, गावात दीक्षा द्यायची ठरली. ते म्हणाले, कोणी कोणी दीक्षा घेतली त्याची वही ठेवा. म्हणून अंबाडीच्या बाजारातून वही आणली, दौत आणली, आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवली. आदल्या दिवशी घरोघर फिरून मी एक्केचाळीस नावं लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बावीस प्रतिज्ञा झाल्या की एकेकाने पुढे येऊन आपल्या नावासमोर अंगठा लावायचा.

धम्मदिना : एक्केचाळीस अंगठे.

बाळाराम : चाळीस. नववा मी. मी सही केली. आता पुढे लिही, उद्या पौर्णिमा आहे. सकाळी दहाला गावच्या विहारात वाचन.

धम्मदिना : माझी प्रॅक्टिस झालीय. मी नाव वाचायचं आणि त्या घरातल्या कोणीतरी उभं राहून 'हजर' म्हणायचं. लडकू पांगूला बाबा हजर म्हणतील. सातला नामा लडकू, तिथे तुम्ही.

बाळाराम : सातला तुझी आजी म्हणते.

धम्मदिना : पण नामा तर तुमचे वडील.

बाळाराम : मी तेव्हा माइक बघायला जातो.

बकुळा : वर्साला नेमका सातव्या नावालाच माइक बिघडतो.

बाळाराम : सात लिही, धम्मदिना.

धम्मदिना : लिहिलं. 'सात. नामा लडकू. वय पस्तीस. निशाणी अंगठा.' 'आठ. काशी नामा. वय तीस. निशाणी अंगठा.' पणजीच्या अंगठ्यावर आडवी रेघ आहे.

बकुळा : विळा लागलेला. गवत कापताना. मरेपर्यंत दिसायची ती रेघ.

धम्मदिना : आजोबा, अंगठा तर उतरवता येत नाही. मग मी मापं घेतली.

बाळाराम : कसली मापं?

धम्मदिना : अंगठ्यांची. पट्टीने. तुम्हीच म्हणता ना, जे दिसतं ते सगळं टिपून ठेवायचं, काय कामाला येईल सांगता येत नाही. आधार सेंटरमध्ये माझे ठसे घेतले तेव्हा त्या ताई म्हणाल्या, मोठी झालीस की परत यायचं, बोटं वाढतात. म्हणून मला बघायचं होतं. मी रफ वहीत लिस्ट केलीय. लडकू पांगू चोवीस मिलिमीटर. काशी नामा वीस. सगळ्या पानावर वीसच्या खाली कोणी नाही. फक्त एक.

बाळाराम : दाब कमी पडला की ठसा लहान उमटतो.

धम्मदिना : मी अजून कोणता ते सांगितलंच नाही.

बाळाराम : कोणताही असो.

धम्मदिना : सातवा. सोळा मिलिमीटर. आणि दाब कमी नाहीये, कडेपर्यंत शाई आहे. मी माझा अंगठा वर ठेवून पाहिला. बरोब्बर बसतो. पणजोबा एवढेसे होते का?

बकुळा : सासरे? त्यांच्या हातात तांब्या वाटीसारका दिसायचा.

(लाइट जाते. खालच्या गाळ्यातले लूम एकदम थांबतात.)

धम्मदिना : आजोबा?

बाळाराम : खिडकी उघड. उजेड येईल.

धम्मदिना : उघडलीय. आजोबा, हा अंगठा पणजोबांचा नाहीये ना?

बाळाराम : नकलेशी त्याचा काही संबंध नाही. अस्सलात 'निशाणी अंगठा' आहे, तू 'निशाणी अंगठा' लिहिलंस. नक्कल बरोबर आहे.

धम्मदिना : पण मला माहीत झालंय. तुम्ही सुमितला काय म्हणालात? माहीत असून शेरा न लिहिणं म्हणजे खोटी नक्कल.

बाळाराम : सुमितची गोष्ट वेगळी.

धम्मदिना : कशी?

बाळाराम : त्याला माहीत नव्हतं, त्याला फक्त वाटत होतं.

धम्मदिना : मग तुम्हाला माहीत आहे.

बकुळा : सांगा तिला. न्हायतर ती उद्या सगळ्या गावचे अंगठे मोजंल.

बाळाराम : तुला काय माहीत आहे, बकुळा?

बकुळा : आधी तुमी सांगा. दोन तोंडं लागतात ना? माजं मागून.

बाळाराम : माझा आहे तो अंगठा.

धम्मदिना : तुमचा? पण तुम्ही तर खाली सही केलीय.

बाळाराम : नऊला सही. सातला अंगठा. दोन्ही माझंच.

धम्मदिना : का पण?

बाळाराम : त्या सकाळी बा दीक्षेच्या मांडवात नव्हता. माझे वडील. मी उठलो तेव्हा त्यांची जागा रिकामी होती. आईला विचारलं तर म्हणाली, येतील. प्रतिज्ञा सुरू झाल्या तरी आले नाहीत. माझ्या शेजारी बसलेला एक मुलगा माझ्या कानात म्हणाला, तुझा बा पाटलाचा बैल ओढायला गेला, मी पाहिला.

धम्मदिना : बैल ओढायला म्हणजे?

बाळाराम : गावात गुरं मेली की ओढून वेशीबाहेर टाकायचं काम आपल्या लोकांवर होतं. घरागणिक पाळी असायची. ज्याची पाळी त्याला निरोप यायचा, आणि तो जायचा. दीक्षा घ्यायची म्हणजे ते काम सोडायचं, हे सगळ्यांना आधी सांगितलेलं होतं. मी स्वतः नावं लिहीत फिरताना प्रत्येक घरात सांगितलं होतं. आणि त्याच दिवशी, त्याच वेळी, माझा बा बैल ओढत होता.

धम्मदिना : मग तुम्ही अंगठा लावलात.

बाळाराम : सगळ्यांचे अंगठे झाले. मुंबईच्या कार्यकर्त्याने वही पाहिली आणि विचारलं, सातवी जागा मोकळी का. त्याला आमची माणसं तोंडाने माहीत नव्हती. मी म्हणालो, बा मागे उभा आहे, घेऊन येतो. वही आणि शाईची चिंधी घेऊन मांडवाच्या मागे गेलो. चिंधीवर शाई होतीच. दाबला अंगठा. परत येऊन वही दाखवली. तो म्हणाला, शाबास, अक्षर चांगलं आहे.

धम्मदिना : पण बाकीच्यांना कळलं असेल ना, ते नव्हते म्हणून?

बाळाराम : दुसऱ्या दिवशी ज्यांनी वही पाहिली त्यांना वाटलं, संध्याकाळी येऊन लावला असेल. कोणी विचारलं नाही. बा तर काहीच बोलला नाही. वहीचं नाव नाही, दीक्षेचं नाव नाही. मीही नाही. तो गेला एकोणऐंशी साली. तोवर बावीस वर्षं आम्ही दोघे या एका गोष्टीला वळसा घालून जात राहिलो.

धम्मदिना : ते गेले का होते पण? पणजोबा?

बाळाराम : घाबरला असेल. पाटलाचा निरोप होता.

धम्मदिना : 'असेल' लिहायचं नसतं.

बाळाराम : मग रकाना मोकळा ठेव.

धम्मदिना : मोकळा कसा ठेवू? दुसरं तोंड इथेच बसलंय. आजी, तुला माहीत आहे?

बकुळा : मना सासूबायनी सांगतलेलं हाय. लगीन होऊन मी घरात आले, त्या वर्सी.

बाळाराम : आईने? तुला?

बकुळा : तुमाला ठावं हाय असंच मना वाटायचं. तुमी बोलत न्हाय, मी कशाला बोलू.

धम्मदिना : थांब, मी लिहिते. पहिल्यापासून सांग.

बकुळा : निरोप आला तो आदल्या दिसाला, सांच्याला. पाटलाचा गडी दारात येऊन बोलला, बैल मेलाय, पाळी तुमची हाय, उद्या सकाळी उचला. आनि बोलला, न्हाय आलात तर आमी पन्नास जन तुमच्या मांडवात येतो बोलवायला. सासऱ्यांनी हे कोनाला सांगतलं न्हाय. वाड्यात सांगतलं असतं तर तरनी पोरं काठ्या घेऊन बसली असती, आनि दीक्षा ऱ्हायली असती बाजूला. फक्त सासूबायना सांगतलं. बोलले, आजवर इतकी ओढली, आनि एक ओढतो. चाळीस जनांना बसू दे. माजी जागा मोकळी ठेव, आलो की अंगठा लावतो.

धम्मदिना : 'माझी जागा मोकळी ठेव.' असं बोलले?

बकुळा : असंच. सासूबाय मना धा वेळा बोलल्या असतील. त्यांना लई लागलेलं. पोराला सांगायचं ऱ्हायलं म्हनून. मांडवात बायका येगळ्या, बापे येगळे, पोरगं वही घेऊन पुढं बसलेलं. त्या गर्दीत ऱ्हायलं.

बाळाराम : मला कोणी सांगितलं नाही.

बकुळा : तेच सांगते ना. सगळं निस्तरून सांच्याला सासरे आले. नदीवर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. तुमी झोपलेले. मग सासूबायना बोलले, सकाळी काय काय बोललात ते मना बोलून दाखव, मी मागनं बोलतो. सासूबायना बावीसातल्या नऊच आठवल्या. तेवढ्या ते बोलले. मंग दिव्याच्या काजळीत अंगठा काळा केला आनि वही उघडली. वही तुमच्या उशाशीच व्हती. वाचता येत न्हवतं, पन ओळी मोजता येत व्हत्या. सातवी ओळ भरलेली.

धम्मदिना : मग?

बकुळा : मंग बघत बसले. बारका अंगठा. बोलले, पोरानं लावलाय. सासूबाय बोलल्या, उठवू का त्याला, इचारू? तर बोलले, नको. त्यानं माज्या जागी लावलाय, आता मी त्याच्यात बांधलो गेलो. आनि वही व्हती तशी ठेवली.

धम्मदिना : रागावले नाहीत?

बकुळा : सासूबाय बोलल्या, हसले. पुढच्या म्हैन्यात पुन्ना निरोप आला ढोराचा, तवा दारात उबे ऱ्हाऊन गड्याला बोलले, माजा अंगठा लागलाय वहीत, मना येता येत न्हाय. वाड्यात पयला नकार त्यांनी दिला.

बाळाराम : तो नकार मी ऐकला होता. मी आतल्या बाजूला बसलो होतो. मला वाटलं, त्याला माझी चोरी माहीतच नाही. अंगठा लागलाय, असं कोणीतरी सांगितलं म्हणून बोलतोय.

बकुळा : सगळं ठावं व्हतं त्यांना.

धम्मदिना : आणि तो काळा केलेला अंगठा? त्याचं काय केलं?

बकुळा : ते मी न्हाय सांगायची. ते तुज्या आजोबांनी बघितलेलं हाय. रोज बघितलेलं हाय.

बाळाराम : मी?

बकुळा : गावच्या घरात, दारातनं आत आलं की डाव्या हाताला.

बाळाराम : कुडाच्या भिंतीवर. एक काळा डाग होता. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. मी त्याला दिव्याची काजळी समजत होतो. आई दर दिवाळीला भिंत लिंपायची आणि तेवढी जागा सोडायची. चारी बाजूंनी माती चढत गेली, तो डाग आत आत जात राहिला. कोनाड्यासारखा. मी एकदा तिला म्हणालो, आई, तेवढं कशाला सोडतेस, बुजव ना. ती म्हणाली, असू दे, सही हाय ती.

धम्मदिना : 'सही आहे' म्हणाली? मग तुम्ही विचारलं नाही, कोणाची?

बाळाराम : मला वाटलं थट्टा करते. मी सही करायचो ना घरात, एकटाच. मला चिडवते असं वाटलं.

बकुळा : मी नवी नवरी, पयल्या दिवाळीला लिंपायला घेतलं आनि हात तिथवर नेला. सासूबायनी मनगट धरलं. तवा बसवून सगळं सांगतलं.

धम्मदिना : ती भिंत आहे अजून? उद्या गावाला जातोय ना, मी फोटो काढते. मापं पण घेते.

बाळाराम : नाही.

धम्मदिना : पडली?

बाळाराम : पाडली. नव्वद साली स्लॅबचं घर बांधलं तेव्हा. मीच पाडली. कुदळ माझ्याच हातात होती.

बकुळा : तवा मना बोलायला पायजे व्हतं. मी माहेरी व्हते, आय आजारी म्हनून. आले तवर जोतं भरलेलं.

बाळाराम : तुझा दोष नाही.

धम्मदिना : म्हणजे आता पुरावा नाही.

बाळाराम : नाही.

धम्मदिना : फक्त तुम्ही दोघं. आणि तुम्ही एकाच चुलीवर जेवता.

बकुळा : ऐका. तुमचंच कोर्ट.

बाळाराम : बरोबर आहे तिचं. दोन तोंडं होत नाहीत.

धम्मदिना : मग शेरा लिहायचाच नाही? तसं केलं तर उद्या मी 'नामा लडकू, निशाणी अंगठा' वाचणार आणि सगळ्यांना ते खरं वाटणार.

बाळाराम : शेरा लिहायचा. आणि साक्ष कसली आहे तेही लिहायचं. मी सांगतो, तू घाल. 'ओळ सात. अंगठा नामा लडकू यांचा नाही. त्यांचा मुलगा बाळाराम, वय दहा, याने लावला.' लिहिलंस?

धम्मदिना : वय दहाला पुरावा?

बाळाराम : तुझं माप. सोळा मिलिमीटर.

धम्मदिना : लिहिलं.

बाळाराम : 'नामा लडकू त्या सकाळी मांडवात नव्हते.' पुढे...

धम्मदिना : पुढे? आजोबा, बैलाचं लिहू की नको? उद्या मी माइकवर वाचणार आहे. सगळा गाव असेल.

बाळाराम : पाणी दे गं.

बकुळा : घ्या. आनि बैलाचं लिव्ह, बाय. बैल न लिव्हता चाळीस जनांचं बसनं कसं लिव्हशील?

बाळाराम : लिही. 'निरोप आल्यावरून मेलेला बैल ओढण्यास गेले. दीक्षेचा कार्यक्रम मोडू नये म्हणून गेले.' त्याच्यापुढे कंसात, 'साक्ष : काशी नामा यांनी सून बकुळा हिला सांगितल्याप्रमाणे. घरचीच साक्ष, बाहेरची नाही.'

धम्मदिना : 'बाहेरची नाही.' हे पण वाचायचं?

बाळाराम : तेही वाचायचं. किती खरं धरायचं ते ऐकणाऱ्यांनी ठरवावं. 'त्याच संध्याकाळी घरी काशी यांच्या मागून नऊ प्रतिज्ञा म्हटल्या. वहीत जागा नसल्याने अंगठा भिंतीवर लावला. भिंत बाळाराम नामा यांनी पाडली.'

धम्मदिना : हे नको लिहायला. भिंतीचं. तुम्हाला माहीत नव्हतं ना.

बाळाराम : 'अजाणता' असा शब्द तू घालायचा विचार करतेयस. घालू नकोस. भिंत पाडली, एवढंच दिसतं.

धम्मदिना : मी घालणारच होते.

बाळाराम : माहीत आहे. दहाव्या वर्षी मीही असंच काहीतरी घातलं होतं. आता खाली लिही, 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल', आणि तुझं नाव, तुझं वय.

धम्मदिना : धम्मदिना. अकरा. तुम्ही तपासलं म्हणून सही करा इथे.

बाळाराम : दे. झाली.

बकुळा : लाइट आली वाटतं. लूम चालू झाले.

धम्मदिना : आजोबा, एक राहिलं. उद्या मी सातवं नाव वाचीन. शेरा पण वाचीन. पण मग 'हजर' कोणी म्हणायचं? ते तर हजर नव्हते. आजीने म्हटलं तर ते खोटं होईल.

बकुळा : मी आता न्हाय म्हननार. इतकी वर्सं म्हटलं.

बाळाराम : मी उभा राहीन.

धम्मदिना : माइक?

बाळाराम : माइक बिघडणार नाही उद्या.

धम्मदिना : पण उभं राहून म्हणणार काय?

बाळाराम : खरं तेच. 'संध्याकाळी आले.'